संकेतांक अमेरिकेला, लूट पालेगावला

अंबरनाथच्या पूर्वेस अतिरिक्त औद्योगिक क्षेत्राला लागून असलेले पालेगाव आता नावापुरतेच गाव उरले आहे. एका बाजूस रसायनांचे आणि यंत्रभागांचे कारखाने, दुसऱ्या बाजूस मुंबईत घर परवडत नाही म्हणून इकडे ढकलल्या गेलेल्या नोकरदारांचे उंच इमले, आणि या दोहोंच्या मध्ये कंत्राटी कामगारांच्या चाळी, अशी त्याची आजची रचना आहे. या वस्तीतून दोन प्रकारचे श्रम रोज बाहेर पडतात. एक श्रम पायी किंवा सामायिक रिक्षाने कारखान्याच्या दाराशी जातो. दुसरा अंबरनाथहून लोकलने ठाण्यास आणि तेथून गाडी बदलून ऐरोली-महाप्याच्या काचेच्या इमारतींत जातो. या दुसऱ्या श्रमाविषयी आपल्या चळवळीत फारसे लिहिले गेलेले नाही. त्यातील एक मोठा भाग अमेरिकन रुग्णांची बिले तयार करण्याच्या कामी लागलेला आहे. विज्ञान शाखेची पदवी घेतलेली, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविलेली मुले-मुली तेथे दिवसभर एकच काम करतात. अमेरिकेतील कोण्या रुग्णाची कोणती तपासणी झाली ते वाचायचे आणि तिला नेमका संकेतांक लावायचा.

थायरॉइडच्या टीएसएच या संप्रेरकाची तपासणी असेल तर ८४४४३. मुक्त थायरॉक्सिन असेल तर ८४४३९, मुक्त टी-थ्री असेल तर ८४४८१. प्रोलॅक्टिन ८४१४६, कॉर्टिसॉल ८२५३३. अमेरिकन वैद्यक संघटनेने १९६६ साली ही संकेतावली प्रथम प्रसिद्ध केली आणि १९८३ मध्ये तेथील वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने ती स्वीकारली. केवळ संकेतांक लिहून काम भागत नाही. त्याच्या जोडीला रोगनिदानाचा संकेतांक द्यावा लागतो. थायरॉइडची तपासणी का केली याचे मान्य कारण कागदावर नसेल तर मेडिकेअर पैसे देत नाही. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर वर्षातून दोन वेळांपर्यंतच ही तपासणी मान्य होते, असाही तेथे नियम आहे. आणि ८४४४३ या संकेतांकासमोर मेडिकेअरने ठरविलेला दर आहे सुमारे १७ डॉलर. प्रयोगशाळा लहान असो की भांडवलदारी साखळीतली असो, मेडिकेअरकडून तिला त्यापलीकडे काही मिळत नाही.

म्हणजे पालेगावची मुलगी ऐरोलीत बसून अमेरिकन म्हाताऱ्याच्या एका रक्ततपासणीला तीन प्रश्न विचारते. नेमकी कोणती तपासणी? कशासाठी? किती वेळा? संध्याकाळी ती घरी येते, तेव्हा तिच्या आईच्या हातात त्याच तपासणीची पावती असते आणि त्या पावतीवर एवढेच छापलेले असते: ‘थायरॉइड प्रोफाइल’. त्यात टीएसएच आहे की त्यासोबत टी-थ्री आणि टी-फोरही आहेत, ते एकूण मोजले की मुक्त, कोणत्या पद्धतीने मोजले, यांतील कशाचाही बोध त्या दोन शब्दांतून होत नाही. दर कोणी ठरविला, हा प्रश्न तर पुढचाच. ज्या श्रमशक्तीच्या कौशल्यावर जगातील सर्वांत धनाढ्य देशाचा आरोग्यविम्याचा हिशोब चोख राहतो, त्या श्रमशक्तीच्या स्वतःच्या घरात तपासणीला नाव नाही, कारण नाही आणि कमाल दरही नाही. वसाहतवादाच्या काळात कापूस येथून जाई आणि कापड तेथून येई. आता हिशोबाची अक्कल येथून जाते आणि परत काहीच येत नाही.

हा विषय किरकोळ आहे, दोनचारशे रुपयांचा आहे, असे काही कार्यकर्त्यांना वाटण्याचा संभव आहे. ते तसे नाही. मुंबईसह देशातील आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची जी पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तीत १०.९५ टक्के लोकांत थायरॉइडची न्यूनता आढळली होती, आणि हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक असतो. तो बहुधा जन्मभराचा सोबती असतो. गोळी रोज घ्यावी लागते आणि मात्रा बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते. यांतील गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली तिची कमाल किंमत सरकार ठरविते. गोळी किती घ्यावी हे जिच्यावर अवलंबून, त्या तपासणीची किंमत मात्र कोणीही ठरवीत नाही. एकाच आजाराच्या एका अर्ध्या भागावर नियंत्रण आणि दुसऱ्या अर्ध्या भागावर मोकळे रान, ही नियोजनातील नजरचूक नव्हे. औषधांच्या बाबतीत चळवळींनी अनेक दशके दडपण आणले. तपासणीच्या बाबतीत ते आणले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता या ‘प्रोफाइल’चे अर्थशास्त्र पाहू. न्यूनतेसाठी गोळ्या घेणाऱ्या, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला बहुतेक वेळा एकटी टीएसएच तपासणी पुरते. तरीही तिन्ही तपासण्यांचा जुडगा विकला जातो. त्याचे कारण सुट्या तपासणीचा दर आणि जुडग्याचा दर यांत अंतर असे ठेवलेले असते की ग्राहकाला जुडगा स्वस्तच वाटावा. हे सारे केवळ लॅबचालकाच्या लोभातून घडते असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. संप्रेरके मोजणारी आधुनिक यंत्रे बहुधा बंद पद्धतीची असतात. ज्या कंपनीचे यंत्र, तिचेच रसायन वापरावे लागते. अनेकदा यंत्र जवळजवळ फुकट दिले जाते आणि त्याच्या बदल्यात दरमहा अमुक इतके रसायन-संच घेण्याचा करार होतो. रेझर फुकट आणि पाती महाग, तसाच हा व्यवहार. या यंत्रांच्या बाजारावर रोश, अ‍ॅबट, सीमेन्स यांसारख्या मोजक्या बहुराष्ट्रीय कंपन्यांचा वरचष्मा आहे. कराराचे ओझे डोक्यावर असलेल्या लहान लॅबला महिन्याचा आकडा गाठण्यासाठी अधिक तपासण्या हव्या असतात. तपासण्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून येतात आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला त्यातला ‘कट’ पोहोचवावा लागतो. ही साखळी वरून खाली येते आणि तिच्या शेवटच्या टोकाला पालेगावच्या कंत्राटी कामगाराची बायको उभी असते.

या कट-पद्धतीचे अस्तित्व काही आपण शोधून काढलेले नाही. महाराष्ट्र सरकारनेच २०१७ साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कट-प्रतिबंधक कायद्याचा मसुदा तयार करविला. मसुदा झाला, चर्चा झाली, वर्तमानपत्रांत अग्रलेख झाले. कायदा झाला नाही.

या तपासण्यांचा इतिहास पाहिला म्हणजे लुटीचे स्वरूप अधिक उघडे पडते. रक्तातील संप्रेरकांचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजण्याची किरणोत्सारी प्रतिकार-मापन पद्धती रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केली. त्यासाठी यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. दोघांनीही या शोधाचे पेटंट घेण्यास नकार दिला होता. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान सार्वजनिकच राहिले पाहिजे, ही भूमिका घेण्यासाठी त्यांना समाजवादी असण्याची गरज पडली नाही. भारतातही हे शास्त्र रुजविले ते सार्वजनिक क्षेत्रानेच. परळला १९६३ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सार वैद्यक केंद्र सुरू झाले. थायरॉइडच्या संशोधनात आणि उपचारांत त्याचे स्थान मोठे आहे. पुढे अणुऊर्जा विभागाच्याच वाशी येथील यंत्रणेने थायरॉइड संप्रेरके मोजण्याचे देशी संच तयार करून प्रयोगशाळांना पुरविले.

आणि पुढे काय झाले? भाभा केंद्रातील एक वैज्ञानिक, ए. वेलुमणी, यांनी १९९६ मध्ये थायरोकेअर ही कंपनी काढली. देशभरातील नमुने विमानाने एका ठिकाणी आणायचे, मोठ्या संख्येने तपासायचे आणि दर उतरवायचे, ही त्यांची पद्धत होती. या माणसाच्या कर्तबगारीविषयी आकस बाळगण्याचे काही कारण नाही. उलट, संप्रेरकांची तपासणी मोठ्या प्रमाणावर केली की तिचा सरासरी खर्च किती खाली येतो, याचा पुरावा खासगी क्षेत्राने स्वतःच्या हाताने दिला, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. प्रश्न असा आहे की जे काम परळ-वाशीच्या सरकारी यंत्रणेला जिल्ह्याजिल्ह्यांतील रुग्णालये जोडून करता आले असते, ते तिच्यावर सोपविले का गेले नाही? २०१६ मध्ये त्या कंपनीचे भाग शेअर बाजारात आले आणि जून २०२१ मध्ये औषधांचा ऑनलाइन व्यापार करणाऱ्या समूहाने तिचा ६६.१ टक्के हिस्सा ४,५४६ कोटी रुपयांना विकत घेण्याचा करार केला. घाऊक तपासणीतून झालेल्या बचतीचे मोल किती, हे बाजारानेच अशा रीतीने सांगून टाकले. ती बचत भागधारकांच्या वाट्याला गेली.

‘तपासणीचे दर सरकारने ठरवू नयेत, स्पर्धा ते ठरवील’ हा युक्तिवाद नवा नाही. १९६३ साली केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने, जो बाजाराचा शत्रू खचितच नव्हता, वैद्यकीय सेवेच्या बाबतीत हा युक्तिवाद का लंगडा पडतो ते दाखवून दिले होते. विकणाऱ्याजवळ ज्ञान आहे आणि घेणाऱ्याजवळ नाही, इतकेच नव्हे तर काय घ्यावे हेही विकणाराच ठरवितो, अशा ठिकाणी मागणी-पुरवठ्याची वक्ररेषा काढून काय साधणार? भाजीबाजारात गिऱ्हाइकाला वांगे आणि दोडका यांतला फरक कळतो. टी-थ्री आणि मुक्त टी-थ्री यांतला फरक कळणारे गिऱ्हाईक कोठून आणायचे? पूर्वी धान्याची पायली गावोगाव वेगळी असे आणि सावकाराची देण्याची पायली एक, घेण्याची दुसरी. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशभर एकच माप लागू केले, तेव्हा त्याला कोणी स्पर्धेवरील घाला म्हटले नाही. संकेतांक हे तपासणीचे वजनमाप आहे. ते नसताना दोन लॅबांच्या दरांची तुलना करा असे सांगणे म्हणजे बिनमापाच्या दोन पायल्या समोर ठेवून स्वस्त कोणती ते ओळखा म्हणण्यासारखे आहे.

सरकारला दर ठरविता येत नाहीत, हेही खरे नाही. करोनाच्या काळात ते ठरविले गेले. मार्च २०२० मध्ये आरटीपीसीआर तपासणीची केंद्रीय कमाल मर्यादा ४,५०० रुपये होती. महाराष्ट्र शासनाने जून २०२० मध्ये तिचा किमान टप्प्यावरील दर २,२०० वर आणला, सप्टेंबरात १,२०० वर, ऑक्टोबरात ९८० वर, डिसेंबरात ७०० वर. मार्च २०२१ च्या अखेरीस तो ५०० झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये ३५०. घरी येऊन नमुना घेतल्यास दर निराळा, तोही आदेशात लिहिलेला. दर कमी झाला की लॅबा बंद पडतील, अशी ओरड प्रत्येक टप्प्याला झाली. तपासण्या बंद पडल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. मधल्या काळात संचांचे भावही उतरले हे मान्य केले पाहिजे. पण उतरलेल्या भावाचा लाभ रुग्णापर्यंत पोहोचला तो आदेशामुळे, कोणाच्या औदार्यामुळे नव्हे. हे शक्य झाले याचे एक साधे कारण असे की तपासणी एक होती, तिचे नाव एक होते आणि ती कशात गुंडाळून विकता येत नव्हती.

याच्या शेजारी ताजे उदाहरण ठेवावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून निदान-संचांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सात टक्क्यांची ही सवलत सरकारी तिजोरीने सोडली. ती थायरॉइडच्या तपासणीच्या दरात उतरली की मधल्या मध्ये जिरली? हे तपासण्यासाठी आधीचा आणि नंतरचा, संकेतांकासह नोंदलेला दर हवा. तो सक्तीने नोंदविलाच जात नाही. तिजोरीतून पैसा गेला तो कोणाच्या खिशात गेला हे विचारण्याची सोयच ठेवलेली नाही.

कायद्याची स्थिती तर करुण आहे. वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा व नियमनाचा केंद्रीय कायदा २०१० साली झाला. २०१२ च्या नियमांत दर दर्शनी भागी लावणे आणि केंद्राने राज्यांशी विचारविनिमय करून ठरविलेल्या मर्यादेत ते आकारणे या दोन्ही गोष्टी आल्या. महाराष्ट्राने हा कायदा स्वीकारला नाही. येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक आले. पण रुग्ण दाखल करून न घेणारी स्वतंत्र प्रयोगशाळा शुश्रूषागृहाच्या व्याख्येतच बसत नाही. अहवालावर सही कोणी करावी हे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०१७ मध्ये सांगावे लागले: विकृतिशास्त्राची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकानेच. दरांच्या बाबतीत २७ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच न्यायालयाने केंद्र सरकारला खडसावले आणि दर ठरत नसतील तर तूर्त केंद्रीय कर्मचारी आरोग्य योजनेचे दर लागू करण्याचा विचार करावा लागेल असे बजावले. ही योजना म्हणजे सीजीएचएस. तिच्यात प्रत्येक तपासणीला क्रमांक आहे आणि दर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जवळपास २,००० उपचार-तपासण्यांचे दर सुधारूनही झाले. अर्थात केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांसाठी खासगी लॅबशी घासाघीस करते आणि नागरिकांना म्हणते, तुमचे तुम्ही पाहा.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे नाव येथे पुढे केले जाईल. तिची विमा-मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली, हे योग्यच झाले. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. थायरॉइडचा रुग्ण दाखल होत नाही. तो उभ्याउभ्या रक्त देतो, पैसे देतो आणि पाळीवर जातो. महालॅब योजनेखाली २०१७ पासून सरकारी रुग्णालयांतील नमुने मोफत तपासले जातात आणि हे काम एचएलएल लाइफकेअर या केंद्र सरकारी कंपनीकडे आहे. या दिशेचे स्वागतच केले पाहिजे. मात्र रोजंदारीवरील माणसाला सरकारी रुग्णालयाच्या रांगेत घालविलेला दिवस म्हणजे बुडालेला रोज. मोफत तपासणीची ही न छापलेली किंमत असते.

चळवळीतीलच काही साथी विरुद्ध बाजूने आक्षेप घेतील. संकेतांक ही अमेरिकन विमा-भांडवलाची उपज आहे, ती येथे आणून आपण खासगीकरणाचीच पायवाट तयार करणार नाही काय? आक्षेप गंभीर आहे. अमेरिकेची व्यवस्था आदर्श मानण्याचे तर मुळीच कारण नाही. तेथे संकेतावलीची मालकी वैद्यक संघटनेकडे आहे आणि ती वापरण्याचे परवाने विकले जातात. संकेतांक असले म्हणजे चोरी थांबते असेही नव्हे. डिसेंबर १९९२ मध्ये नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीज या तेथील बड्या कंपनीने नेहमीच्या तपासण्यांच्या जुडग्यात डॉक्टरांच्या नकळत जादा तपासण्या घुसवून सरकारला बिल लावल्याबद्दल गुन्हा कबूल केला आणि ११.१ कोटी डॉलर भरले. पण ही चोरी पकडली गेली कशी? जुडग्यातील प्रत्येक तपासणीचे वेगळे बिल, वेगळ्या संकेतांकासह, सरकार दरबारी नोंदलेले होते म्हणून. पालेगावच्या ‘प्रोफाइल’मध्ये काय घुसविले हे कोणते न्यायालय कोणत्या कागदावरून ठरविणार?

शिवाय अमेरिकन वैद्यक संघटनेची मालकीची संकेतावली घेण्याची गरजच नाही. प्रयोगशाळा-तपासण्यांसाठी लॉइंक नावाची संकेतावली १९९४ पासून विकसित झाली आहे आणि ती विनामूल्य वापरता येते. तीत रक्तद्रवातील टीएसएचचा क्रमांक ३०१६-३ आहे. भारत सरकारच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींच्या मानकांत तिचीच शिफारस आहे. म्हणजे माप सरकारने निवडून ठेवलेले आहे. ते बाजारात आणण्याचे धैर्य तेवढे झालेले नाही.

लहान लॅबचालक डॉक्टरांचा प्रश्न राहतो, आणि तो झटकून टाकता येणार नाही. सरसकट एक दर लावला तर साखळी-कंपन्या तगतील आणि गल्लीतला विकृतिशास्त्रज्ञ बुडेल, ही भीती खोटी नाही. त्यावरचा उपाय दर मोकळे सोडणे हा नव्हे. रसायन-संचांच्या कमाल किमतीही त्याच आदेशात बांधल्या पाहिजेत, यंत्र फुकट देऊन संच गळ्यात मारणारे करार नोंदणीखाली आणले पाहिजेत, आणि कट बंद झाला पाहिजे. कट गेला तर प्रामाणिक लॅबचालकाला आजच्यापेक्षा कमी दरातही अधिक उरेल, हे तोही खासगीत मान्य करतो.

पालेगाव-अंबरनाथच्या कार्यकर्त्यांना येथे हात घालण्यासारखे काम आहे. कारखान्यांतील २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून कामगार विम्यासाठी पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. कंत्राटी कामगारांपैकी कितीजणांचा हा हप्ता खरोखर भरला जातो आणि कितीजणींना त्यातून संप्रेरकांची तपासणी मिळते, हे युनियनने गेटवर विचारले पाहिजे. त्याच वेळी वस्तीतील थायरॉइड तपासणीच्या पावत्या गोळा कराव्यात. पालेगाव, चिखलोली, मोरिवली आणि उल्हासनगरचे कॅम्प, अशा वेगवेगळ्या भागांतील. प्रत्येक पावतीवर कोणत्या तपासण्यांचे पैसे घेतले, डॉक्टरांच्या चिठ्ठीत कोणत्या लिहिल्या होत्या आणि अहवालात प्रत्यक्ष कोणत्या आल्या, असे तीन रकाने पाडावेत आणि चौथ्यात सीजीएचएसचा दर लिहावा. ऐरोलीला जाणाऱ्या मुला-मुलींना या कामास बोलवावे. हे रकाने भरण्यात त्यांच्याइतका तरबेज माणूस या तालुक्यात दुसरा नाही, आणि पक्षाच्या सभेकडे न फिरकणारा हा वर्ग आपल्या कौशल्याच्या कामासाठी येईल. तयार झालेला तक्ता नगरपरिषदेपुढे, आमदारांपुढे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ठेवावा. पावत्या घेताना रुग्णाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक प्रथम काळ्या शाईने खोडून टाकावेत. प्रोलॅक्टिन किंवा एफएसएचची पावती म्हणजे पुष्कळदा मूल होत नसल्याची चौकशी असते, आणि ती चाळीत फिरणे बाईला परवडत नाही.